गाडीसाठी गाडी

‘गंज’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. फारसीत गंज म्हणजे खजिना. उत्तरेकडे वस्त्यांच्या नावांमागे गंज लागला की ती बाजारपेठ : दर्यागंज, हजरतगंज. आपल्या विदर्भातल्या स्वयंपाकघरात गंज म्हणजे पातेले. आणि आम्हा कोकण किनाऱ्यावरच्या माणसांना मात्र या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे. खिडकीचे गज, विहिरीची कप्पी, ट्रंक, सायकल आणि अलीकडे मोटारगाडी, जे जे लोखंडाचे ते ते गंजणार, हे आम्ही लहानपणापासून धरून चालतो.

आजचे बोलणे या गंजलेल्या मोटारगाडीबद्दल आहे. जुनी, उंच, दणकट बांधणीची गाडी, जिला हल्ली सरसकट एसयूव्ही म्हणतात, ती गंजली. नवे पत्रे बाजारात मिळत नाहीत. अशा वेळी तिच्यासारखीच दुसरी जुनी गाडी केवळ सुट्या भागांसाठी विकत घ्यावी का? आमच्याकडे अशा गाडीला ‘पार्टला घेतलेली गाडी’ म्हणतात. शहरातली तरुण मुले ‘डोनर’ म्हणतात, म्हणजे रक्तदात्यासारखी दाता-गाडी. तुम्ही म्हणाल, हा कवितेचा माणूस, याला यातले काय कळते? खरे आहे. पण गेले वर्षभर आमच्या घरात याच प्रश्नावर बैठका झाल्या, आणि त्या निमित्ताने मी गॅरेजमध्ये जितका वेळ बसलो तितका कविसंमेलनातही बसलेलो नाही.

आमची गाडी टाटा सुमो. टेल्को कंपनीने ही गाडी १९९४ साली बाजारात आणली. सुमो म्हटले की लोकांना जपानी पहिलवान आठवतो, पण नाव ठेवले आहे ते आपल्या मराठी माणसावरून : टेल्कोची उभारणी करणारे सुमंत मुळगावकर, त्यांच्या नावातले ‘सु’ आणि आडनावातले ‘मु’चे इंग्रजी ‘मो’. २०१९ साली सुमोचे उत्पादन थांबले. त्याआधीची पंचवीस वर्षे कोकणात वडापला सुमो, वरातीला सुमो, मुंबईहून चाकरमानी आणायला सुमो. माझे मोठे भाई कुवेतहून कायमचे परत आले तेव्हा, २००१ साली, त्यांनी ती नवी घेतली. भाई २०१९ मध्ये गेले. गाडी भाभींच्या नावावर झाली, पण ती खऱ्या अर्थाने वाडीचीच. रात्री-अपरात्री बाळंतीण दापोलीच्या रुग्णालयात न्यायची ती याच गाडीतून, दहावीच्या मुलांना केंद्रावर सोडायचे ते हिच्यातून, आणि भाद्रपदात शेजारच्या वाडीचे गणपती चित्रशाळेतून येत ते सुमोच्या मधल्या सीटवर बसून. भाई स्वतः चालवीत, तेव्हा गणपतीसाठी वेग वीसच्या वर जाऊ देत नसत.

तर ही गाडी गंजली. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. समुद्र तोंडासमोर. रस्ते आणि अंगण जांभ्याच्या तांबड्या मातीचे. ती माती चाकावरच्या कमानीत चिकटून बसते आणि दिवाळीपर्यंत ओलसर राहते.

गंजाचे शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. पाण्यात मीठ असेल तर ते पाणी वीज अधिक सहज वाहून नेते, आणि गंजण्याची क्रिया म्हणजे मुळात एक बारीकशी विजेचीच क्रिया असल्यामुळे खाऱ्या हवेत ती भराभर चालते. ॲल्युमिनियमवरही असा थर चढतो, पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो भुसभुशीत असतो, फुगतो, पापुद्रा होऊन सुटतो, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. म्हणून त्याला थांबा नाही. शिवाय तो डोळ्यांना दिसतो तिथे सुरू होत नाही. दरवाजाच्या पोकळीत, फूटबोर्डाच्या आतल्या बाजूला, दोन पत्रे एकमेकांवर जिथे चिकटवले आहेत त्या फटीत तो आतून खात येतो. बाहेर रंगाला मसुराएवढा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा जवळजवळ संपलेला असतो.

त्यात आपण माणसे आणखी भर घालतो. गंजलेल्या जागेवर लांबी भरून वर रंग मारला की गाडी लग्नाला उभी राहील अशी दिसते, पण लांबीखाली ओल कोंडते. गंजावरच डांबरी लेप देणाऱ्यांचेही तेच. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळके ऑइल मारण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. त्याने पत्रा थोडा टिकतो, पण रबराचे भाग फुगून खराब होतात, ब्रेकवर उडाले तर जिवाशी खेळ, आणि उरलेले ऑइल पहिल्या पावसात विहिरीच्या दिशेने वाहत जाते.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, म्हणजे २०१६ मध्ये, एकदा वाढवून घेतली होती. पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. २०२१ ला दुसऱ्यांदा वाढवली. २०२६ ची तारीख समोर दिसू लागली तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘‘चाचा, या वेळी पासिंगला गाडी अशी नेता येणार नाही. मागच्या सीटखालून रस्ता दिसतो.’’ खरेच दिसत होता. मुलांना त्याची मजा वाटे.

पुतण्याने दोन गाड्या हेरल्या होत्या. एक हर्णै बंदरात मासळीच्या धंद्यात वापरलेली सुमो, किंमत तीस हजार. दुसरी सोलापूरकडची, २००३ सालची, इंजिन बसल्यामुळे शेडमध्ये उभी करून ठेवलेली. तिचे मालक पंच्याऐंशी हजार मागत होते. पुतण्याचे म्हणणे, दोन्ही घेऊ. दोन्हींतून जे चांगले ते काढू, आपली गाडी उभी करू, उरलेले भंगारात घालू. ऐकायला ते इतके सरळ वाटत होते की मीही मान डोलावली असती. पण भाभी म्हणाल्या, आधी मिस्त्रींना विचारा. मिस्त्री खेडचे. चाळीस वर्षे पत्राकाम आणि वेल्डिंग करतात. त्यांनी दोन्ही गाड्यांचे फोटो बाजूला सारले आणि म्हणाले, ‘‘त्या नंतर बघू. आधी तुमची गाडी उचलून खालून बघायची.’’

इथेच बहुतेक लोक उलटे जातात, असे माझे मत झाले आहे. स्वस्तात गाडी मिळते म्हणून ती आधी घेतात, आणि मग आपल्या गाडीला काय काय हवे आहे याचा शोध लावतात.

सुमोसारख्या गाडीचे दोन भाग असतात. खाली चासी, म्हणजे लांब पोलादी पट्ट्यांची चौकट. तिच्यावर इंजिन, पाटे, चाके सगळे बसते. वर बॉडी, म्हणजे पत्र्याची खोली. ती चासीवर रबराच्या गाद्या ठेवून मोठ्या बोल्टांनी आवळलेली असते. हल्लीच्या लहान मोटारींत अशी वेगळी चासी नसते, पत्र्याचाच सांगाडा असतो, त्यामुळे त्यांचा हिशेब निराळा. आपल्याकडे होडीचे उदाहरण घ्या. फळी कुजली तर फळी बदलतात, दुसरी कुजली तर तीही बदलतात, आणि वर्षानुवर्षे होडी तीच राहते. पण तळाचा कणा कुजला, तर मग कोणी फळ्या बदलत बसत नाही. चासी हा गाडीचा कणा.

मिस्त्रींनी गाडी ठोकळ्यांवर उचलली, चासीवरचा चिखल पाण्याने धुऊन काढला, दोन दिवस वाळू दिला आणि मग लहान हातोडी घेऊन खाली शिरले. चासी ठोकत पुढून मागे गेले. चांगल्या पोलादावर हातोडी पडली की टणत्कार येतो. कुजलेल्या जागी आवाज बसका येतो, ओल्या मडक्यासारखा. मी बाहेर उकिडवा बसून ऐकत होतो. पुढची दोन तृतीयांश चासी छान वाजली. मागच्या चाकांच्या वर मात्र, जिथे पाट्यांचे हँगर चासीला धरलेले असतात, तिथे दोन्ही बाजूंना आवाज बसला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. तो आत गेला.

‘‘पट्टी मारून चालणार नाही?’’ पुतण्याने विचारले.

‘‘मारता येते. पण चांगल्या पत्र्याला पट्टी जोडतात. इथे जोडायला चांगला पत्रा कुठे आहे?’’ मिस्त्री म्हणाले.

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. वेल्डिंग म्हणजे दोन्ही बाजूंचे धातू वितळून एक होणे. एका बाजूला धातूच नसेल तर वितळणार काय? वरून मणका काढल्यासारखा जाड टाका दिसतो, आणि भरलेल्या गाडीने खड्डा घेतला की टाक्याच्या कडेने तडा जातो. पाट्याचा हँगर सुटला तर मागचा ॲक्सल जागचा हलतो आणि गाडी चालकाच्या हातात राहत नाही. घाटात हे झाले तर काय, ते सांगायला नको.

आता सुट्या भागांच्या गाडीकडे येऊ. अशा गाडीतून काय घेण्यासारखे असते? बोल्टने सुटणारे आणि बोल्टने बसणारे सगळे : दरवाजे, बॉनेट, मागचे दार, सीटा, काचा, दिवे, गिअरबॉक्स, स्टार्टर. हे काम सोपे, आणि इथे जुनी गाडी खरोखर पैसे वाचवते. दुसरे, दाबून घडवलेले पत्रे : दरवाजाचा खांब, चाकावरची कमान, छताची पन्हळ. हे वळण कारखान्यातल्या मोठ्या प्रेसवर आलेले असते; हाताने ठोकून तसे जमवणे फार कठीण. ते भाग दुसऱ्या गाडीचे कापून आणून जोडावे लागतात. पण तळाचा पत्रा सपाट असतो, त्याला थोड्या पन्हळी पाडल्या की झाले. चांगला डेंटर तो नव्या पत्र्यातून बनवतो. नुसत्या तळपत्र्यासाठी अख्खी गाडी घेणारे लोक मी पाहिले, तेव्हा मिस्त्री हळूच म्हणाले, ‘‘पोळीसाठी गव्हाचे शेत घेतले.’’

आणि एक साधी गोष्ट, जी सांगितली की सगळ्यांना पटते पण आधी सुचत नाही. एकाच बनावटीच्या गाड्या एकाच जागी गंजतात. पाणी साचायच्या जागा कारखान्यातून ठरून आलेल्या असतात. म्हणजे आपल्या गाडीत जे कुजले आहे, तेच नेमके शेजारच्या गावच्या गाडीतही कुजलेले असणार. हर्णैची गाडी आम्ही पाहायला गेलो. बंदरावर लिलाव वाळूतच चालतो, गाड्या थेट ओल्या वाळूत उतरतात. त्यात ही गाडी रोज बर्फातली मासळी वाहत होती. वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी दहा-बारा वर्षे तिच्या तळातून झिरपले होते. मागचे दार मिस्त्रींनी उघडले तर ते बिजागरीसकट हातात आले. मिस्त्रींनी ते आदबीने भिंतीला टेकवून ठेवले. तीस हजारांत आम्हाला आमचाच आजार विकत मिळत होता. तो विषय तिथे संपला.

म्हणून ज्यांना अशी गाडी घ्यायचीच आहे, त्यांनी ती घाटावरची, कोरड्या मुलखातली पाहावी. सोलापूर, बीड, लातूरकडे आमच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाही पाऊस पडत नाही, आणि समुद्र तर दूरच. तिकडची गाडी रंगाने उडालेली असेल, रबरे उन्हाने तडकलेली असतील, डॅशबोर्ड फुटलेला असेल, पण लोखंड शाबूत असते. रबर नवे मिळते.

मिस्त्री आणि पुतण्या सोलापूरला जाऊन आले. रात्री फोनवर मिस्त्रींनी फक्त आवाज ऐकवला. हातोडी, आणि चासीचा टणत्कार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आता खरा पेच पडला. आमची मूळ योजना होती की सोलापूरच्या गाडीचे भाग काढून आमची गाडी दुरुस्त करायची. पण आमच्या गाडीची चासी गेलेली, आणि तिची चासी धडधाकट. मग ‘‘तिची चासी आपल्याला लावू’’ असे पुतण्या म्हणाला. ते शक्य आहे का? हातांनी शक्य आहे. कायद्याने मात्र गाडी म्हणजे तिची चासी. नोंदणी पुस्तकात जो चासी क्रमांक लिहिला आहे तो त्या पोलादावर ठोकलेला असतो, आणि तोच गाडीची ओळख. दुसरी चासी आणून तिच्यावर आपला क्रमांक चढवणे म्हणजे सरळ खोटेपणा. चोरीच्या गाड्या पचवणारे हेच करतात. मोटार वाहन कायदा १९८८ मधले कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे हवे आणि परिवहन कार्यालयात त्याची नोंद झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असे स्पष्ट केले आहे.

म्हणजे उत्तर उलटे होते. दाता कोण आणि घेणारा कोण, हे आपल्या मायेवर ठरत नाही, चासीवर ठरते. ज्या गाडीची चासी चांगली आणि कागद जिवंत, ती गाडी. दुसरी तिची दाता. सोलापूरच्या गाडीची नोंदणी २०२३ मध्ये वाढवलेली होती, २०२८ पर्यंत वैध. तेव्हा भाईंची गाडी भागांसाठी, आणि सोलापूरची गाडी रस्त्यासाठी.

हे भाभींना कसे सांगायचे, यावर मी आणि पुतण्या दोन दिवस एकमेकांकडे पाहत होतो. ती गाडी भाईंच्या हातची. तिचे नूतनीकरण चुकू नये म्हणून शेवटच्या आजारातही त्यांनी कागदांची पिशवी उशाशी ठेवली होती. शेवटी मिस्त्रीच घरी आले. भाभींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांना एकच विचारले, ‘‘मिस्त्री, तुमची लेक बाळंतपणाला आली असती, तर रात्री या गाडीत बसवून तिला दापोलीला पाठवली असती का?’’

‘‘नाही भाभी.’’

‘‘मग दुसऱ्यांच्या लेकींना कशाला बसवायचे?’’ भाभी उठून चहा ठेवायला गेल्या. तिथे चर्चा थांबली.

पैशाचा हिशेब सांगतो, कारण लोक गाडीची किंमत मोजतात आणि बाकीचे विसरतात. गाडी पंच्याऐंशीची सत्तर हजारांत ठरली. ती चालू नव्हती, म्हणून टोइंगच्या ट्रकवर चढवून कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण करत आणावी लागली. त्याचे अठरा हजार. नाव बदलण्याचे शुल्क, विमा, मिस्त्रींची मजुरी, इंजिनाचे काम वेगळे. सगळे मिळून दोन लाखांच्या आत बसले. आमची जुनी गाडीच दुरुस्त केली असती तर मिस्त्रींच्या अंदाजाने खर्च साधारण तेवढाच आला असता, आणि चासी कुजलेलीच राहिली असती. वरून सरकारी शुल्क. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला पूर्वी सहाशे रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींना ते दहा हजार केले. पर्यावरण कर निराळा. जुन्या गाड्या लोकांनी आपणहून मोडीत काढाव्यात, हा त्यामागचा हेतू उघड आहे. शहराच्या हवेसाठी तो बरोबरही असेल. ज्या वाडीत रात्री रुग्णवाहिका यायला तास लागतो, तिथे तो थोडा कडू लागतो.

आणि जागेचा हिशेब. कोकणात फिरताना आंब्याखाली वेलींनी गुरफटलेल्या, चाके नसलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या कितीतरी कोणीतरी पार्टला म्हणून घेतलेल्या असतात. अर्धे भाग निघतात, उरलेल्यात पावसाचे पाणी साचते, डास होतात, कोंबड्या अंडी घालतात. मिस्त्रींची अट होती की काम सुरू केल्यापासून तीन महिन्यांत दुसरी गाडी अंगणातून गेली पाहिजे, नाहीतर हात लावणार नाही. ही अट सगळ्यांनी स्वतःला घालून घ्यावी.

इंजिनाची गोष्ट मिस्त्रींनी हुशारीने सोडवली. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर असतो. सोलापूरच्या गाडीचा ब्लॉक तसाच ठेवला, बोअर करून नवे पिस्टन घातले, आणि आमच्या गाडीचे सिलिंडर हेड, डिझेल पंप, स्टार्टर तिला बसवले. ब्लॉक तोच, म्हणून क्रमांक तोच, पुस्तकातली एक ओळ बदलावी लागली नाही. गिअरबॉक्स आमचा. भाईंनी त्यात वेळच्या वेळी ऑइल बदललेले, तो आजही लोण्यासारखा पडतो. मधली सीटही आमचीच.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण इथे भले भले अडकतात. भागांसाठी म्हणून का होईना, अख्खी गाडी घेताना तिची आरसी, मालकाचे ओळखपत्र, कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही केलेले नमुना २९ व ३० घ्यावेत. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून तपशील ताडून पाहावा, आणि चासीवरचा क्रमांक डोळ्यांनी वाचावा. घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरावे. मेरठच्या सोतीगंजात जुन्या गाड्यांच्या भागांची केवढी मोठी बाजारपेठ होती! चोरीच्या गाड्या तिथे तासाभरात सुट्या होतात, अशी तिची ख्याती. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी ती बंद पाडली. आपल्याकडे कुर्ल्यासारख्या ठिकाणी सुटे भाग विकणारी सरळ मार्गाची दुकाने पुष्कळ आहेत, पण तिथेही पावती मागून घ्यावी. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्वस्त मिळाले, हे उत्तर तिथे चालत नाही.

उलट बाजूने, जी गाडी आपण मोडीत काढतो तिचे कागदही जिवंत ठेवू नयेत. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करायची असते. २०२१ च्या नियमांनंतर आता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रे निघाली आहेत. तिथे गाडी दिली की प्रमाणपत्र मिळते आणि ते दाखवून नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला आरसीसकट गाडी देऊन टाकणारे लोक आहेत. उद्या ती आरसी कुठल्या चोरीच्या गाडीच्या खिशात निघेल, सांगता येत नाही, आणि पोलीस दार ठोठावतील ते मूळ मालकाचे. कुठले भाग काढून घ्यायचे आहेत, हेही केंद्राला आधी विचारून घ्यावे. आम्ही तसे लेखी विचारून मगच पान्याला हात लावला.

नव्या गाडीची पाटी एमएच १३, म्हणजे सोलापूरची. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो, फक्त नाव-पत्ता बदलतो. वाडीतली मुले तिला ‘सोलापूरवाली’ म्हणतात, घरात आलेल्या सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारावी तशी.

तिचे दरवाजे उघडून आतली पोकळी साफ केली तेव्हा काळ्या मातीची धूळ निघाली, कोरडी, पिठासारखी. मिस्त्रींनी ती ब्रशने झाडून काढली, दरवाजांच्या आणि फूटबोर्डांच्या तळाची पाणी जायची भोके तारेने मोकळी केली, आत पातळ मेणाचा फवारा मारला आणि पुतण्याला बजावले : बंदरावर गाडी गेली की घरी येताच पोटाखालून गोड्या पाण्याने धुवायची, भोके दर महिन्याला तारेने तपासायची, आणि वर कितीही सुंदर रंग दिसला तरी गणपतीनंतर एकदा हातोडी घेऊन खाली शिरायचे. हातोडी त्यांनी आमच्याकडेच ठेवली आहे. भाभींनी ती कागदांच्या पिशवीशेजारी खुंटीला टांगली आहे.